लाल रंग कोणाच्या नावावर?

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानांतर्गत २००७ मध्ये महाराष्ट्रात लोकाधारित देखरेख व नियोजन, म्हणजे आरोग्यसेवा घेणाऱ्या लोकांनीच तिची पाहणी करून सुधारणा ठरविण्याची प्रक्रिया, पाच जिल्ह्यांतील २२५ गावांत सुरू झाली, तेव्हा अमरावती जिल्ह्यातून धारणी व चिखलदरा यांच्या जोडीला अचलपूर तालुका निवडला गेला. राज्याचा समन्वय पुण्याच्या ‘साथी’ या संस्थेने, तर जिल्ह्याचा ‘खोज’ या संस्थेने सांभाळला. गावापासून राज्यापर्यंत समित्या नेमल्या गेल्या.

या प्रक्रियेचा प्राण गावाच्या आरोग्य प्रगतिपत्रकात आहे. लसीकरण, गरोदरपणातील तपासणी, परिचारिकेच्या गावभेटी, प्राथमिक आरोग्य केंद्रातील वागणूक अशा प्रत्येक बाबीवर गटचर्चा होते आणि चांगल्या सेवेला हिरवा, मध्यमला पिवळा, वाईटला लाल रंग दिला जातो. ग्राम समितीला वर्षाला मिळणाऱ्या १०,००० रुपयांच्या अबंधित निधीचा, म्हणजे खर्चाची बाब गावानेच ठरवावयाच्या रकमेचा, हिशेबही या गटचर्चेतच विचारला जातो. रक्कम लहान आहे; तरीही १०,००० रुपयांचे काय झाले हे उघडपणे विचारता येणे, ही ज्यांना आजवर केवळ ‘लाभार्थी’ म्हटले गेले त्यांच्यासाठी मोठीच गोष्ट होय.

सर्वांत अवघड क्षण रंग ठरविण्याचा असतो, कारण जिच्या कामाला रंग द्यावयाचा ती परिचारिका पुष्कळदा समोरच बसलेली असते आणि उद्या बाळाला टोचायला तीच येणार असते. अशा वेळी मागे बसलेल्या बाया गप्प राहतात. मेळघाटाच्या पायथ्याशी प्रश्न कोरकू भाषेतून विचारला नाही, तर हे मौन संमती समजले जाण्याचा धोका असतो. शिवाय लस वरून आली नाही, पद रिक्त राहिले, औषधे संपल्याने रुग्णाच्या हाती बाहेरची चिठ्ठी पडली, तरी लाल रंग परिचारिकेच्याच नावावर चढतो, आणि हा अन्यायच आहे.

म्हणूनच जनसुनवाईचे, म्हणजे अधिकाऱ्यांनी लोकांसमोर बसून तक्रारींना उत्तर देण्याच्या सभेचे, मोल अधिक आहे. तेथे तोच लाल रंग तालुका व जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांपुढे ठेवला जातो आणि औषधे का पोहोचली नाहीत, याचे उत्तर साठा पाठविणाऱ्याला द्यावे लागते. परिचारिकेलाही मग आपली अडचण गावाच्या तोंडून वरिष्ठांपर्यंत नेता येते.