आपली पुस्तके आणि वाचनयंत्र

वाचनयंत्र कोणते चांगले, हा प्रश्न हल्ली महाविद्यालयात वारंवार कानावर येतो. पण प्रश्न अपुरा आहे. त्या यंत्रात कोणती पुस्तके घालावयाची आहेत, हे आधी सांगितल्याशिवाय त्याचे उत्तर देता येत नाही. ज्याला इंग्रजी कादंबऱ्या कंपनीच्याच दुकानातून विकत घ्यावयाच्या आहेत त्याने कोणतेही यंत्र घ्यावे. त्याचे फारसे बिघडणार नाही. आपली गोष्ट निराळी आहे. आपल्याजवळ विकिस्रोतावरून उतरवून घेतलेले एखादे जुने मराठी पुस्तक असते, वर्गातली टिपणे असतात, एखाद्या दुर्मीळ ग्रंथाची छायाचित्रित पाने असतात, आणि यातले काही कन्नडमध्येही असते. ही पुस्तके यंत्रात आपण स्वतः घालणार. दहा-पंधरा हजार रुपये ही विद्यार्थ्याच्या घरी लहान रक्कम नव्हे. ती खर्चून आणलेले यंत्र इंग्रजी सुरेख दाखवते आणि मराठी जोडाक्षर मोडते असे निघाले, तर ते कपाटातच पडून राहणार.

प्रथम हे यंत्र म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. मोबाईलचा पडदा स्वतःच्या प्रकाशाने उजळतो. वाचनयंत्राचा पडदा कागदाप्रमाणे बाहेरच्या उजेडात वाचता येतो. या पडद्याला लागणारी 'विद्युत-शाई' अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या मीडिया लॅबमध्ये आकाराला आली व १९९७ मध्ये तिच्यासाठी ई-इंक ही कंपनी निघाली. केसाच्या जाडीएवढ्या असंख्य कुप्या, त्यांत पातळ द्रव, आणि द्रवात विरुद्ध विद्युतभाराचे पांढरे व काळे कण, अशी ही रचना आहे. विद्युतदाब दिला की एका रंगाचे कण वर येतात, दुसरे खाली जातात. एकदा वर आलेले कण तेथेच राहतात. पान तसेच धरून ठेवण्यास वीज लागत नाही, फक्त पान उलटताना लागते. म्हणून एकदा भारित केलेले यंत्र आठवडेच्या आठवडे चालते. ही शाई वापरणारे पहिले वाचनयंत्र सोनीने २००४ मध्ये जपानात विक्रीस काढले. अॅमेझॉनचे किंडल २००७ च्या नोव्हेंबरात आले. आज कोबो, पॉकेटबुक, बूक्स अशी इतरही यंत्रे आहेत. पण पडदा बहुतेकांत त्याच जातीचा असतो. फरक असतो तो आतल्या कारभारात, आणि निवड करावयाची ती त्यावरून.

पुस्तकाची फाईल मुख्यतः दोन प्रकारची असते. पीडीएफ म्हणजे छापील पानाचे चित्रच म्हणा ना. ओळ जेथे तुटली तेथेच तुटणार. ईपबची तऱ्हा वेगळी. ते आतून संकेतस्थळाच्या पानांचे गाठोडे असते; अक्षर मोठे केले की ओळी नव्याने जुळतात. २००७ पासून ईपब हे खुले प्रमाण म्हणून रूढ आहे आणि किंडल सोडता बहुतेक यंत्रे ते थेट वाचतात. किंडलमध्ये ईपबची फाईल तारेने नुसती टाकली तर दिसत नाही. ती अॅमेझॉनच्या 'सेंड टू किंडल' सेवेतून पाठवावी लागते (ही सोय २०२२ पासून झाली), नाहीतर संगणकावर कॅलिबरने तिचे रूप बदलून मग तारेने घालावी लागते. कॅलिबर हा विनामूल्य प्रोग्रॅम कोविद गोयल या भारतीय माणसाने २००६ मध्ये लिहावयास घेतला, कारण त्याच्या सोनीच्या वाचनयंत्राचे लिनक्सशी जमत नव्हते. यंत्र कोणतेही घ्या, कॅलिबर संगणकावर हवेच.

आता मुख्य मुद्दा, लिपीचा. रोमन अक्षरे एकापुढे एक मांडली की काम झाले. देवनागरीत 'कि' लिहिताना साठवणीत आधी 'क' व नंतर वेलांटी असते, पडद्यावर मात्र वेलांटी डावीकडे न्यावी लागते. 'वार्षिक'मधला 'र' षकाराच्या डोक्यावर चढवावा लागतो, आणि त्याच अक्षराला ऱ्हस्व वेलांटीही असते. हे काम टंकाचे एकट्याचे नाही. यंत्रात अक्षरजुळणीचा प्रोग्रॅम असावा लागतो. तो नसला किंवा कच्चा असला की वेलांटी उजवीकडे पडते आणि जोडाक्षरांचे पाय मोडके दिसतात.

मराठीची स्वतःची परीक्षा याहून कठीण आहे. आपल्याकडे 'र' दोन रीतींनी जोडला जातो. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतील फरक ज्या यंत्राला कळत नाही ते विभागप्रमुखांना सरळ स्वयंपाकघरात पाठवील. हा पापणीसारखा रफार हिंदीस लागत नाही. त्यामुळे 'हिंदी दिसते' एवढ्या हमीवर मराठी वाचकाने विसंबू नये. ल आणि श यांची मराठी वळणेही हिंदीहून वेगळी. काही टंकांत दोन्ही वळणे असतात, पण ईपबच्या माहितीत भाषा म्हणून मराठीची नोंद असली तरच मराठी वळण उमटते. ही नोंद कॅलिबरमध्ये अर्ध्या मिनिटात करता येते. किंडल व कोबो यांच्या 'फॉन्ट्स' नावाच्या कप्प्यात आपल्या पसंतीचा टंक टाकण्याची सोयही आहे. राज्य मराठी विकास संस्थेने काढलेले यशोमुद्रा आणि यशोवेणू हे टंक त्यासाठी करून पाहावेत.

कन्नडबाबत अधिकच सावध असावे. डिसेंबर २०१६ मध्ये अॅमेझॉनने किंडलवर भारतीय भाषांतील पुस्तके आणली तेव्हा हिंदी, मराठी, तमिळ, गुजराती व मल्याळम या पाच भाषा घेतल्या. कन्नड त्यांत नव्हती. कन्नडात जोडाक्षरातले दुसरे अक्षर खाली 'ओत्तक्षर' म्हणून लिहिले जाते आणि रफार, म्हणजे 'अर्कावत्तु', अक्षराच्या उजवीकडे येतो. मराठी नीट उमटले म्हणून कन्नडही उमटेल असे गृहीत धरू नये. कोबो, पॉकेटबुक यांवर केओरीडर हा मुक्त वाचनप्रोग्रॅम बसवता येतो. त्यात अक्षरजुळणीसाठी हार्फबझ ही प्रणाली आहे व ती दोन्ही लिप्या जाणते. बूक्ससारखी यंत्रे अँड्रॉइडवर चालतात, म्हणून त्यांत हवा तो वाचनप्रोग्रॅम घालता येतो. किंडलमध्ये केओरीडर बसवावयाचा तर आधी त्याचे कुलूप मोडावे लागते. दोन लिप्यांत वाचणाऱ्यास माझा कल पहिल्या दोन जातींकडे आहे.

फाईलच जुनी असेल तर मात्र यंत्राला बोल लावून उपयोग नाही. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये निघाली व तीत देवनागरी आणि कन्नड दोन्ही होत्या. तरी मराठी छपाईच्या धंद्यात श्रीलिपीसारख्या जुन्या टंकांतच पुढे दीर्घकाळ अक्षरजुळणी होत राहिली. अशी पीडीएफ डोळ्याला सुंदर दिसते, पण तिचे ईपब करू गेल्यास सगळा मजकूर इंग्रजी अक्षरांचा व चिन्हांचा कालवा होऊन बाहेर पडतो. पारख सोपी आहे: एक ओळ उचलून साध्या मजकुराच्या फाईलीत चिकटवावी. मराठी आली तर ईपब होईल. कालवा आला तर ते पुस्तक पीडीएफ म्हणूनच वाचावयाचे. छायाचित्रित पुस्तकांचे तेच. भारतीय डिजिटल ग्रंथालयाच्या प्रकल्पात छायाचित्रित झालेली पुष्कळ मराठी पुस्तके आज इंटरनेट आर्काइव्हवर मिळतात, पण ती पानांची चित्रे आहेत. टेसरॅक्टसारख्या प्रोग्रॅमने त्यांतली अक्षरे ओळखून घेता येतात, पुढे मुद्रिते तपासण्याचे काम मात्र माणसालाच करावे लागते.

म्हणून पडद्याचा आकार महत्त्वाचा. जाहिरातीत जे इंच सांगतात ते कर्णाचे. पडदा बहुधा चारास तीन या प्रमाणात असतो, तेव्हा शाळेतला तीन-चार-पाचाचा काटकोन त्रिकोण आठवावा: रुंदी म्हणजे कर्णाच्या तीन पंचमांश. सहा इंची पडदा सुमारे ९ सेंटिमीटर रुंद भरतो. डेमी आकाराच्या पुस्तकाचे पान १४ सेंटिमीटर रुंद असते. ते त्या पडद्यात बसवले की १२ पॉइंटचे अक्षर ८ पॉइंटच्याही खाली जाते. मराठीत काना-मात्रा-अनुस्वार धरून ते वाचणे म्हणजे डोळ्यांना शिक्षाच. पानाच्या कडेचा कोरा भाग छाटला तर मजकूर साडेदहा सेंटिमीटरचा उरतो व अक्षर १० पॉइंटपर्यंत येते. तेवढे चालते, परंतु छाटण्याची सोय यंत्रात हवी. ७.८ इंची पडदा सुमारे १२ सेंटिमीटरचा, त्यावर डेमी पान न छाटताही वाचता येते. १०.३ इंचांवर ते मूळ आकारात दिसते, मात्र किंमतही तशीच. ज्याची बहुतेक पुस्तके ईपब आहेत त्याने सहा-सात इंचांपुढे खर्च करू नये. इतिहासाच्या विद्यार्थ्याने, ज्याचे निम्मे वाचन जुन्या पानांच्या चित्रांतून होते, त्याने मोठा पडदा न घेणे ही खोटी काटकसर ठरेल.

जुने यंत्र स्वस्तात मिळत असेल तर दर इंचात किती ठिपके ते विचारावे. १६७ ठिपक्यांच्या पडद्यावर इंग्रजी चालून जाते. आपल्याकडे मात्र 'घरात' आणि 'घरांत' यांतला भेद एका टिंबावर उभा असतो. ३०० असावेत. रंगीत पडद्यावर काळी अक्षरे ३०० ठिपक्यांची असली तरी रंग १५० चाच असतो, आणि गाळणीमुळे पान काळसर दिसते. भूगोलाचे नकाशे पाहावयाचे नसतील तर त्याची गरज नाही. साठवणीची चिंता करू नये. मजकुराची कादंबरी एका मेगाबाइटच्या आसपास असते.

राहिला मालकीचा प्रश्न. जुलै २००९ मध्ये अॅमेझॉनने जॉर्ज ऑरवेलच्या '१९८४' व 'अॅनिमल फार्म' या पुस्तकांच्या काही प्रती ग्राहकांच्या किंडलमधून दुरूनच पुसून टाकल्या, कारण विकणाऱ्याजवळ त्यांचे हक्क नव्हते. पैसे परत मिळाले. पण अमेरिकेतील एका विद्यार्थ्याची अभ्यासाची टिपणे त्या प्रतीवरच बेतलेली असल्याने निरुपयोगी झाली. फेब्रुवारी २०२५ पासून विकत घेतलेले किंडल-पुस्तक संकेतस्थळावरून संगणकावर उतरवून घेण्याची सोयही अॅमेझॉनने बंद केली. आपण स्वतः तारेने घातलेल्या फाईलीची गोष्ट तशी नाही. तिची मूळ प्रत आपल्याच संगणकावर असते. सोनीने २०१४ मध्ये अमेरिकेतले आपले पुस्तकांचे दुकान बंद केले, तरी ज्याची ईपबे स्वतःजवळ होती त्याला ती दुसऱ्या यंत्रात नेण्यास कोणाची परवानगी लागली नाही. अशी पुस्तके मिळवणे अवघडही नाही. आपल्याकडे लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांचा स्वामित्वहक्क त्याच्या निधनानंतर ६० वर्षांनी संपतो (१९९२ पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती). हरिभाऊ आपटे, गडकरी, केतकर केव्हाच मुक्त झाले. १९५० मध्ये निवर्तलेले साने गुरुजी २०११ च्या आरंभी झाले. विकिस्रोतावरचे पुस्तक तर तेथूनच ईपब करून उतरवता येते.

यंत्र विकत घेण्यापूर्वी ज्याच्याजवळ ते असेल त्याच्याकडे एक चाचणीची फाईल घेऊन जावे. तीत पुढील वाक्य असले तरी पुरे: 'दऱ्याखोऱ्यांतल्या आचाऱ्याने वार्षिक संमेलनात आचार्यांना पिठल्याची तऱ्हा विचारली, तेव्हा स्त्रियांनी दुसऱ्याच क्षणी ज्ञानेश्वरीकडे दृष्टी वळवली.' तिची ईपब प्रत, पीडीएफ प्रत आणि एका छायाचित्रित पानाची प्रत अशा तिन्ही उघडून पाहाव्यात. कन्नडसाठी असेच एक वाक्य आपल्या कन्नड विभागातील मित्रांकडून लिहून घ्यावे आणि त्याच फाईलीत खाली जोडावे.