मत दिलं, आता जाबही विचारू!

लायबेरियातल्या बायकांनी आधी युद्ध थांबवायला लावलं, मग एका आजीला राष्ट्राध्यक्ष केलं. पण त्याच आजीने आपल्या मुलांना मोठमोठ्या खुर्च्यांवर बसवलं, तेव्हा काय झालं?

पाठीला बांधलेलं मूल, डोक्यावर घमेलं आणि समोर मांडलेले मिरच्यांचे, मासळीचे वाटे. पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियाची राजधानी मन्रोव्हिया. तिथला बाजार अशा बायकाच चालवतात. युद्धाच्या काळातही त्यांनीच घरं जगवली.

१९८९ ते २००३ या काळात या छोट्याशा देशाने दोन यादवी युद्धं पाहिली. सुमारे अडीच लाख माणसं गेली. शाळेत जायच्या वयाच्या पोरांच्या हातात बंदुका आल्या. बायकांनी काय काय सोसलं असेल, ते वेगळं सांगायला नको. मधे १९९७ मध्ये निवडणूक झाली आणि बंडखोरांचा म्होरक्या चार्ल्स टेलर तब्बल ७५ टक्के मतं घेऊन निवडून आला. का? तर हा हरला की पुन्हा बंदूक उचलेल, ही लोकांना धास्ती. मत दिलं ते भीतीपोटी. आणि एवढं करून युद्ध टळलं नाहीच!

२००३ मध्ये मात्र बायकांची सहनशक्ती संपली. लेमा बोवी ही तिशीतली समाजसेविका, लेकुरवाळी बाई, पुढे झाली. ख्रिश्चन आणि मुस्लिम बायका पहिल्यांदाच एकत्र आल्या. अंगावर पांढरे कपडे, दागिना एकही नाही. टेलरच्या गाड्यांचा ताफा जायचा त्या रस्त्याकडेच्या मैदानात, मासळी बाजाराजवळ, त्या रोज बसायच्या. उन्हात आणि पावसातही.

शेवटी घाना देशात बोलणी सुरू झाली. पण पुढारी हॉटेलात मजेत राहत होते, इकडे गावात माणसं मरत होती. मग बायकांनी हातात हात गुंफून सभागृहाचं दारच अडवलं. तडजोड होईपर्यंत कुणी बाहेर पडायचं नाही! लेमाला अटक करायला रक्षक आले, तेव्हा ती अंगावरचे कपडे उतरवू लागली. आईने संतापून असं करणं म्हणजे शाप, असं तिकडे मानतात. रक्षक मागे सरले. ऑगस्ट २००३ मध्ये करार झाला. टेलर त्याआधीच देश सोडून गेला होता.

आता खरं काम होतं निवडणुकीचं. मतदार नोंदणीला जायचं तर दुकान कोण बघणार, पोर कोण सांभाळणार? लेमाच्या मैत्रिणी बाजारात गेल्या आणि म्हणाल्या, तुम्ही नाव नोंदवून या, तोवर आम्ही बसतो. किती साधी युक्ती!

२००५ च्या निवडणुकीत एका बाजूला फुटबॉलचा हिरो जॉर्ज वेआ. दुसऱ्या बाजूला ६७ वर्षांच्या एलन जॉन्सन सर्लीफ. सतराव्या वर्षी लग्न, चार मुलं, नवऱ्याची मारहाण, मग संसाराबाहेर पडून हार्वर्डचं शिक्षण आणि सरकारविरोधात बोलल्याबद्दल तुरुंग, असं सगळं पाहिलेल्या. पहिल्या फेरीत वेआ पुढे होते. दुसऱ्या फेरीत एलनबाई सुमारे ५९ टक्के मतं घेऊन जिंकल्या. आफ्रिकेत निवडून आलेल्या त्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष.

कामंही झाली. डोक्यावरचं अब्जावधी डॉलरचं परदेशी कर्ज बहुतेक माफ करून घेतलं. बाजारांच्या दुरुस्तीसाठी निधी उभा राहिला. २००७ मध्ये आपल्या केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या सव्वाशेच्या आसपास मुली तिथे बंदोबस्ताला गेल्या. संयुक्त राष्ट्रांची ही पहिलीच फक्त महिला पोलिसांची तुकडी. राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीबाहेर पहारा त्यांचाच! त्यांच्या तुकड्या २०१६ पर्यंत तिथे राहिल्या. त्या काळात लायबेरियाच्या पोलिसांत बायकांचं प्रमाण ६ वरून १७ टक्क्यांवर गेलं.

पण शपथविधीच्या भाषणात एलनबाईंनी भ्रष्टाचाराला देशाचा मोठा शत्रू म्हटलं होतं. आणि पुढे? एक मुलगा सरकारी तेल कंपनीचा अध्यक्ष, दुसरा मध्यवर्ती बँकेचा डेप्युटी गव्हर्नर, सावत्र मुलगा सुरक्षा खात्याचा प्रमुख. मुलं लायक आहेत, असं आईचं म्हणणं. ते कुठल्या आईला वाटत नाही? पण ज्या देशात तरुणांना काम मिळेना, तिथे बाजारातल्या आईनेही हाच प्रश्न विचारला असता, 'मग माझ्या मुलाचं काय?'

ऑगस्ट २०१२ मध्ये मालमत्तेची माहिती न देणाऱ्या ४६ अधिकाऱ्यांना एलनबाईंनी निलंबित केलं. त्यात बँकेतला मुलगाही होता. तरी ऑक्टोबरमध्ये लेमा बोवीने जाहीरपणे तोंड उघडलं. मुलांच्या नेमणुका आणि गरीब-श्रीमंतांतली वाढती दरी यावर ती बोलली आणि सलोखा समितीचं प्रमुखपद सोडून मोकळी झाली. वर्षापूर्वीच, २०११ मध्ये, या दोघींना येमेनच्या तवक्कुल करमान यांच्यासोबत शांततेचं नोबेल मिळालं होतं. ज्या बाईसाठी दारोदार फिरायचं, तिच्याविरुद्ध बोलायचं... सोपं नसतं ते. 'आपलीच आहे, जाऊ दे' म्हणणं केव्हाही सोपं. पुढच्याच वर्षी तेल कंपनीतल्या मुलाने पद सोडलं.

मुदत संपताच जानेवारी २०१८ मध्ये एलनबाईंनी मुकाट्याने सत्ता सोडली. एका निवडून आलेल्या नेत्याने दुसऱ्याकडे शांतपणे सूत्रं देण्याचा असा प्रसंग तिथे १९४४ नंतर पहिल्यांदाच आला. नंतर आलेल्या वेआंच्या सरकारवरही भ्रष्टाचाराचे आरोप झालेच. २०२३ मध्ये ते वीसेक हजार मतांनी हरले, आणि त्यांनीही हार मान्य केली. ज्या देशात हरलेला माणूस बंदूक उचलेल म्हणून लोक मत देत होते, तिथे आता हरलेला माणूस घरी जातो.

लायबेरियाच्या संसदेत आजही बायका मोजक्याच आहेत. भ्रष्टाचारही संपलेला नाही. पण मत देऊन आपलं काम संपत नाही, हे लेमाने दाखवून दिलं. आणि हिशेब मागायचा तो समोरच्याकडूनच नाही, आपल्या माणसाकडूनही!