साडेचार एकरांत दहा हजार माणसं

आपल्या ब्राह्मणपुरी गावात साडेचार एकर म्हणजे काही फार मोठं रान नव्हे. थोडी पपई, थोडी केळी लावली की संपलं. आता तेवढ्याच जागेत दहा हजार माणसं सात रात्री ठेवायची, तिन्ही त्रिकाळ जेवू घालायची, पोहायला सात तलाव द्यायचे, आणि हे सगळं बिऱ्हाड ताशी चाळीस किलोमीटरने समुद्रावरून हाकायचं.

हे जहाज खरोखर आहे. ‘आयकॉन ऑफ द सीज’. फिनलंडमधल्या तुर्कूच्या गोदीत बांधलेलं, जानेवारी २०२४ मध्ये मायामीहून पहिल्या सफरीला निघालेलं. लांबी ३६५ मीटर, पाण्यालगतची रुंदी सुमारे ४८ मीटर. गुणाकार करून पाहा, साडेचार एकरही पुरते भरत नाहीत. त्यावर जास्तीत जास्त ७,६०० प्रवासी आणि त्यांच्या दिमतीला २,३५० कर्मचारी. मावतात कशी? एकावर एक वीस मजले आहेत म्हणून.

जहाजाचा आकडा २,४८,६६३ टन सांगतात. हे वजन नव्हे, आतल्या बंदिस्त जागेचं माप आहे. हा आकडा ज्या सूत्राने काढतात ते उलटं सोडवलं की ही जागा पावणेआठ लाख घनमीटरच्या पुढे जाते. टायटॅनिकचा आकडा ४६,३२८ होता. मोजण्याची रीत आता थोडी बदलली आहे, तरी पाचपटीचा फरक काही लपत नाही.

आपल्याकडे जास्त पटेल असा आकडा विजेचा. सहा इंजिनं मिळून ६७,५०० किलोवॅट. पाच एचपीच्या मोटारींच्या हिशेबात सांगायचं तर अठरा हजार मोटारी एकदम चालतील, तेही रात्रपाळीच्या विजेची वाट न पाहता! यातला मोठा वाटा जहाज ढकलण्यातच जातो. उरलेल्यात दिवे, गारवा, स्वयंपाक आणि पाण्याच्या सहा घसरगुंड्या.

आणि जेवणं. जहाज भरलेलं असेल आणि माणशी दिवसाला तीनच वेळा धरलं, तर रोज जवळपास तीस हजार पानं. आठवड्याला दोन लाखांवर. मधल्या वेळचं खाणं यात धरलेलंच नाही, आणि असल्या सफरीत माणसं मधल्या वेळीच जास्त खातात. प्रवासी तलावाकाठी लोळत असताना दर तीन प्रवाशांमागे एक जण कुठेतरी खाली पातेली घासतोय, चादरी बदलतोय, इंजिनाकडे बघतोय. मजेचा खरा हिशेब मला इथेच दिसतो.

पण समुद्र पाहायचा म्हणून जाणाऱ्याला हे जहाज मी सुचवणार नाही. त्यातल्या कित्येक खोल्यांच्या गॅलऱ्या आत, जहाजातल्याच बागेकडे उघडतात. तापी नदीचं पाणीसुद्धा शेवटी सुरतेपाशी समुद्राला मिळतं. तिच्या काठच्या माणसाने एवढा खर्च करून पुन्हा झाडंच कशाला बघायची?

त्यापेक्षा मुंबई गाठावी. २०२१ पासून तिथून गोवा आणि लक्षद्वीपकडे ‘कॉर्डेलिया’ कंपनीचं ‘एम्प्रेस’ सुटू लागलं. १९९० चं जुनं जहाज, २११ मीटर लांब, अकरा मजली, साधारण १,८०० प्रवाशांचं. आयकॉनपुढे ते पोरच. गंमत म्हणजे टायटॅनिकपेक्षा ते ५८ मीटरने आखूड, तरी त्याचा टनांचा आकडा ४८,५६३, म्हणजे टायटॅनिकहून जास्त. तिकीट काढताना बाहेरच्या बाजूची खोली मात्र हट्टाने मागावी.