बाजूला व्हा, हत्ती आहे!

बीच म्हटलं की आपली गाडी थेट गोव्याकडे. या वीकएंडला मी रत्नागिरीलाच ब्रेक मारला. सकाळी आरे-वारे, दुपारी गणेशगुळ्याची मऊ वाळू आणि उन्हं कलताना कशेळीचा सडा. समुद्राचा फोटो काढायला अँगल शोधत होते, तेवढ्यात वाटाड्या काका ओरडले, ‘‘ताई, बाजूला व्हा, हत्तीवर उभ्या आहात!’’

खाली बघितलं आणि उडालेच. जांभ्या कातळात कोरलेला सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती, त्याच्या अंगात आणखी कितीतरी प्राणी! हजारो वर्षांपूर्वीची ही ओपन-एअर आर्ट गॅलरी. ना तिकीट, ना छप्पर.

कोकणातली अशी कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली. पण रेषा जेमतेम काही इंच खोल. चिरेखाण किंवा रस्ता आला, की खेळ खलास. उक्षीला हत्तीभोवती चिऱ्यांचा गोल कठडा बांधलाय. सगळीकडे तेवढं नशीब नाही.

तेव्हा जा जरूर, पावसाळा सोडून. तिरप्या उन्हात रेषा मस्त उठून दिसतात. गावातला माणूस सोबत घ्या. आणि सेल्फीआधी पायाखाली बघा. मी बघितलं नव्हतं.