आडव्या तेलविहिरी आणि खोदाईच्या वेगाचे गणित

तेल आणि वायू साठवणारे खडकांचे थर जाडीला बेताचे असले, तरी आडवे कित्येक किलोमीटर पसरलेले असतात. त्यामुळे सरळ खाली जाणारी विहीर अशा थराला जेमतेम छेदून जाते, तर थराच्या पातळीवर वळवलेली आडवी विहीर त्याच्या आतून दूरवर धावते आणि तेलाला वाहून येण्यास कितीतरी अधिक वाव देते. अमेरिकेच्या पर्मियन खोऱ्यात सुमारे तीन किलोमीटरचा आडवा भाग आता नेहमीचा झाला आहे आणि मुंबई हायच्या चुनखडकातही ओएनजीसीने आडव्या विहिरी खोदल्या आहेत. खोदाई करणाऱ्या रिगचे भाडे बहुधा दिवसाच्या हिशेबाने आकारले जात असल्याने, बिट, म्हणजे खडक कापणारे टोकाचे हत्यार, तासाला किती मीटर पुढे सरकते यावर विहिरीचा खर्च मोठ्या प्रमाणात ठरतो.

उभ्या विहिरीत बिटला वरून जोडलेल्या नळ्यांचे वजन आपोआप त्यावर येते. आडव्या भागात मात्र नळ्या विवराच्या तळाशी टेकून पडतात आणि वरून दिलेल्या दाबाचा मोठा वाटा घर्षणातच जिरतो. दाब आणखी वाढवला, तर नळ्या वाकून मळसूत्रासारख्या भिंतीला भिडतात आणि पुढे सरकणेच थांबते. यावर उपाय म्हणून वंगणयुक्त मड, म्हणजे विहिरीत सतत फिरवला जाणारा द्रव, वापरतात, तसेच नळ्यांना लांबीच्या दिशेने हलके हादरे देणारी उपकरणे जोडतात. दिशा बदलण्याची जुनी पद्धतही वेग खाते, कारण तीत वरच्या नळ्या फिरवणे थांबवून केवळ मडच्या प्रवाहावर चालणाऱ्या मोटरने बिट फिरवावे लागते. सगळी नळीमाळ फिरत असतानाच दिशा देणाऱ्या यंत्रणांनी ही अडचण पुष्कळशी दूर केली आहे.

तथापि वेग वाढवणे म्हणजे केवळ जोर वाढवणे नव्हे. कृत्रिम हिऱ्याच्या चकत्या बसवलेले आजचे बिट, सुताराचा रंधा लाकूड तासतो त्याप्रमाणे, खडक तासत जाते. दाब दुप्पट केल्यावर वेगही साधारण दुप्पट झाला, तर शक्ती कामी येत आहे, आणि तसे झाले नाही, तर ती कोठेतरी वाया जात आहे, असे समजावे. कधी बिट क्षणभर अडकून एकदम सुसाट फिरते, तर कधी विवराच्या मध्यापासून ढळून भरकटते आणि त्या कंपनांनी चकत्यांच्या कडा उडतात. बाहेर काढलेल्या बिटवर झीज मध्यभागी आहे की खांद्यावर, ती गुळगुळीत आहे की तुटल्यासारखी, हे बारकाईने पाहिल्यास दोषाचे कारण बरेचसे उमगते.

शक्तीचा हा अपव्यय मोजण्याचे साधन टील या संशोधकाने १९६५ मध्ये मांडले. एकक घनफळाचा खडक काढण्यास लागलेली ऊर्जा, म्हणजेच विशिष्ट ऊर्जा, उत्तम खोदाईत खडकाच्या दाब सोसण्याच्या क्षमतेच्या जवळपास असते, असे त्यांना आढळले. ती त्याहून फार वाढली, की खोदाईत काहीतरी बिघडले आहे हे कळते. एक्सॉनमोबिलच्या अभियंत्यांनी २००० नंतरच्या दशकात हीच राशी खोदाई चालू असतानाच सतत पाहण्याची पद्धत रुजवली. या पद्धतीत वेगाला रोखणारे एक कारण ओळखून दूर करायचे आणि मग पुढच्या कारणाकडे वळायचे असते.

याचबरोबर आडव्या विवरात खडकाचा चुरा खालच्या बाजूला साचतो. पुरेसा प्रवाह नसेल आणि नळ्या वेगाने फिरत नसतील, तर तो वर येत नाही. चुरा वाहून नेण्याच्या क्षमतेपेक्षा बिट वेगाने धावले, तर नळ्या अडकतात आणि वाचवलेल्या तासांच्या बदल्यात अनेक दिवस गमवावे लागतात. म्हणून खोदाईच्या वेगाचा खरा हिशेब बिटच्या एका तासावर न करता संपूर्ण विहीर पूर्ण होण्यास लागलेल्या दिवसांवर केला पाहिजे. हे दिवस कमी करण्यासाठी अधिक बलवान यंत्रांइतकीच, किंबहुना अधिक, गरज आहे ती शक्ती नेमकी कोठे खर्च होते हे चिकाटीने शोधणाऱ्या अभियंत्यांची.