राजवट गेली, पुतळे कुठे गेले?

मुंबईत ब्रिटिश राजा-राणीचे पुतळे स्वातंत्र्यानंतरही चौकात उभेच होते. ते हलले १९६५ साली.

सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा अल्बर्ट ससून यांनी दिलेला, १८७९ मधला. त्याच्या काळपट ब्राँझमुळे सगळा परिसरच ‘काळा घोडा’ झाला. पुतळा भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेला, नाव जागेवरच राहिलं. २०१७ मध्ये तिथे नवा घोडा आला, पण स्वाराविना! बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी भेट दिलेली संगमरवरी व्हिक्टोरिया आता भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. १८९६ मध्ये चापेकर बंधूंनी तिला डांबर फासून जोड्यांची माळ घातली होती. गव्हर्नर-जनरल कॉर्नवॉलिस, वेलस्ली यांचे पुतळेही तिथेच.

हंगेरीतली साम्यवादी राजवट कोसळल्यावर बुडापेस्टनेही लेनिन, मार्क्सचे पुतळे १९९३ मध्ये शहराबाहेरच्या उद्यानात मांडले. फोडून टाकण्यापेक्षा हे केव्हाही बरं. पण देणगीदार ससून आणि डांबर फासणारे चापेकर, दोघांचीही हकिकत त्या त्या पुतळ्याशेजारीच वाचायला मिळायला हवी.