शाळकरी धावपटूंचा वसंत

वसंत ऋतू आला की आपल्याकडे शाळांची मैदाने ओस पडू लागतात. परीक्षा जवळ आलेल्या असतात, ऊन तापू लागलेले असते, आणि आता खेळ पुरे करून अभ्यासाला बसावे अशी ताकीद मुलांना घरोघरी मिळालेली असते. अमेरिकेच्या उत्तर व मध्य भागांतील राज्यांत नेमके याच्या उलट घडते. मार्च महिन्यात तेथील बर्फ वितळू लागते, मैदाने ओली का होईना, मोकळी होतात, आणि दुपारी शाळेची शेवटची घंटा झाली की मुलांचा एक घोळका गावाच्या रस्त्यांनी धावत सुटतो. हा त्या हायस्कुलाचा लांब पल्ल्याच्या धावपटूंचा संघ होय. मार्चपासून मेअखेरपर्यंतच्या दहा-बारा आठवड्यांत या मुलांकडून काय करून घेतले जाते, त्यातून त्यांना काय लाभते आणि त्यात धोका कोठे आहे, हे समजावून सांगण्याचा आमचा विचार आहे. विषय परदेशचा खरा; पण त्यातून निघणारा प्रश्न, ज्यांच्या घरी वाढते मूल आहे अशा प्रत्येकाचा आहे.

प्रथम व्यवस्था पाहू. अमेरिकेतील शाळांत खेळांचे वर्ष ऋतूंप्रमाणे वाटलेले असते. धावणाऱ्या मुलांसाठी शरद ऋतूत क्रॉस-कंट्री, म्हणजे माळरानातून, टेकड्यांवरून, गवतातून धावण्याच्या शर्यती असतात. हिवाळ्यात काही राज्यांत बंदिस्त सभागृहांत शर्यती होतात. वसंतात मात्र सगळे आखलेल्या गोल मार्गावर उतरतात. लांब पल्ल्याच्या मुलांच्या वाट्याला येथे ८००, १६०० आणि ३२०० मीटरच्या शर्यती व चौघांनी मिळून धावण्याची रिले येते. पूर्वी ही अंतरे यार्डांत व मैलांत मोजली जात. एक मैल म्हणजे ४४० यार्डांच्या बरोबर चार फेऱ्या. आता मार्ग ४०० मीटरचा झाला आहे. चार फेऱ्यांचे १६०० मीटर होतात आणि मैलाला ९ मीटरांहून थोडे अधिक अंतर कमी पडते. तरीही मैलाचे नाव त्या लोकांच्या तोंडून गेलेले नाही, कारण त्या नावामागे मोठा इतिहास उभा आहे.

यानंतर गुणांची पद्धत, कारण पुढील साऱ्या विवेचनाचे मूळ तीत आहे. आपण धावण्याकडे एकट्याचा खेळ म्हणून पाहतो. पहिला आला त्याचा सत्कार झाला की आपले काम संपले. तेथील शाळांत तसे नाही. क्रॉस-कंट्रीत एका संघाचे सात जण धावतात व त्यांतील पहिल्या पाचांच्या क्रमांकांची बेरीज करतात. ज्या संघाची बेरीज सर्वांत लहान, तो विजयी. म्हणजे संघाचा पहिला मुलगा शर्यत जिंकला तरी पाचवा मुलगा मागे रेंगाळला तर संघ हरतो. वसंतातील स्पर्धांत दोन शाळांचा सामना असेल तर पहिल्याला ५, दुसऱ्याला ३ आणि तिसऱ्याला १ गुण मिळतो. मोठ्या स्पर्धांत पुष्कळ ठिकाणी आठव्या क्रमांकापर्यंत गुण दिले जातात. पहिल्याला १० आणि आठव्याला १. दिवसअखेर फेकीचे, उडीचे, धावण्याचे सारे गुण एकत्र होतात. अशा वेळी धापा टाकीत तिसऱ्या आलेल्या एखाद्या मुलाच्या एका गुणावर संपूर्ण शाळेची हारजीत ठरू शकते.

या पद्धतीचा पहिला परिणाम फार चांगला झाला आहे. जो मुलगा कधीच पहिला येणार नाही, त्यालाही संघात जागा मिळाली. लांब पल्ल्याच्या संघाला माणसे हवी असतात आणि बहुतेक शाळांत तो येईल त्याला घेतो. चेंडू झेलता न येणारी, अंगाने किरकोळ अशी मुले दुसरीकडे नाकारली गेल्यावर येथे येतात.

कॅन्सस राज्यातील विचिटा या शहरी असाच एक मुलगा होता. त्याचे नाव जिम रायन, जन्म १९४७. बालपणीच्या गोवराने त्याच्या श्रवणशक्तीला कायमची इजा झालेली. प्रार्थनामंदिराच्या बेसबॉल संघाने त्याला घेतले नाही, आणि धाकट्या शाळेच्या धावण्याच्या संघातही त्याला जागा मिळाली नाही. १९६२ च्या शरद ऋतूत तो विचिटा ईस्ट हायस्कुलाच्या क्रॉस-कंट्री संघात दाखल झाला. तेथील शिक्षक बॉब टिमन्स हे होत. मुलाचा पहिला मैल ५ मिनिटे ३८ सेकंदांचा झाला. अशी वेळ देणारी मुले कोणत्याही शाळेत सापडतील. परंतु पहिल्याच वसंताच्या हंगामाअखेर तो ४ मिनिटे ८ सेकंदांच्या आसपास येऊन पोहोचला. चार मिनिटांच्या आत मैल धावणारा पहिला शाळकरी मुलगा तू होशील, असे टिमन्स यांनी त्याला बजावून सांगितले. या भाकिताचा अर्थ कळण्यासाठी एवढे ध्यानात घ्यावे की, जगातील पहिला चार मिनिटांच्या आतील मैल इंग्लंडच्या रॉजर बॅनिस्टर यांनी ६ मे १९५४ रोजी धावून दाखविला होता, आणि त्याला तेव्हा जेमतेम नऊ वर्षे झाली होती.

५ जून १९६४ रोजी कॅलिफोर्नियातील कॉम्प्टन येथे रायन ३ मिनिटे ५९ सेकंदांत मैल धावला. गंमत अशी की त्या शर्यतीत त्याचा क्रमांक आठवा होता! मोठ्यांच्या त्या शर्यतीत आठही जण चार मिनिटांच्या आत आले होते. पुढील वर्षी, १५ मे १९६५ रोजी, केवळ शाळकरी मुलांच्या राज्य स्पर्धेत त्याने ३ मिनिटे ५८.३ सेकंद अशी वेळ दिली; आणि जून महिन्यात सॅन डिएगो येथे ३ मिनिटे ५५.३ सेकंदांत धावून ऑलिंपिक विजेता पीटर स्नेल याला मागे टाकले. शाळकरी मुलांचा हा विक्रम २००१ साली ॲलन वेब याने मोडीपर्यंत जवळजवळ छत्तीस वर्षे टिकला.

हे घडते कसे? स्नायूला लागणारी शक्ती शरीर दोन वाटांनी मिळविते. एक वाट प्राणवायूच्या साहाय्याने चालणारी. ती संथ, पण दीर्घकाळ पुरणारी. दुसरी त्यावाचून चालणारी. ती झटपट, पण लवकर आटणारी. शंभर मीटर धावणारा बहुतांशी दुसरीवर अवलंबून असतो. १६०० मीटरमध्ये मात्र मोठा वाटा पहिलीचा असतो. ही पहिली वाट रुंद करावयाची तर घाई चालत नाही. आठवड्यामागून आठवडे बोलत-बोलत धावता येईल इतक्या सावकाश गतीने मैलच्या मैल कापावे लागतात. त्याने हृदय दर ठोक्याला अधिक रक्त लोटू लागते, स्नायूंतील केशवाहिन्यांचे जाळे दाट होते, आणि पेशींतील ज्या सूक्ष्म भट्ट्यांत प्राणवायू वापरला जातो त्यांची वाढ होते. न्यूझीलंडच्या आर्थर लिडियार्ड यांनी स्नेलसारखे धावपटू याच मार्गाने घडविले. दुसरा प्रकार ठरीव अंतर वेगाने धावून, मध्ये थोडा विसावा घेऊन, पुन्हा धावण्याचा. जर्मनीत गेर्शलर या शिक्षकाने रायंडेल या हृदयतज्ज्ञाच्या मदतीने १९३० नंतरच्या दशकात त्याला शास्त्रीय रूप दिले.

शहाणा शिक्षक वसंताच्या हंगामात या दोहोंची सांगड घालतो. मार्चमध्ये लांब व सावकाश धाव. एप्रिलमध्ये विसाव्यासह वेगाच्या फेऱ्या आणि आठवड्याला एखादी स्पर्धा. मेमध्ये एकूण अंतर कमी करून अंगाला ताजेपणा येऊ द्यावयाचा, म्हणजे जिल्हा व राज्य पातळीवरील स्पर्धांच्या वेळी मूल भरात असते. कष्टाच्या दिवसानंतर हलका दिवस, हा नियम सर्व थोर शिक्षकांनी सांगितला आहे. शरीर बळकट होते ते श्रमानंतरच्या विश्रांतीत, हे पालकांनीही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आता गुणपद्धतीची दुसरी बाजू. जी पद्धत मंद मुलाला जागा देते, तीच चपळ मुलाला राबवून घेण्याचा मोह पाडते. एका स्पर्धेत एका खेळाडूने चारपेक्षा अधिक प्रकारांत उतरू नये असा तेथील शाळांचा सर्वसाधारण नियम आहे. पण चार म्हणजे तरी किती? सकाळी रिलेतील ८०० मीटर, मग १६००, पुन्हा ८०० आणि शेवटी ३२००. बेरीज ६४०० मीटर, म्हणजे चार मैल. सरावात एवढे अंतर मूल हसत-खेळत धावते. येथे मात्र ते चारही वेळा जीव तोडून धावावयाचे असते, आणि तेही हंगामात अनेकदा. गुणफलकाला याचे सुखदुःख नसते. त्याला केवळ बेरीज कळते.

वाढत्या वयातील शरीराचा एक विशेष असा की, हृदय व फुप्फुसे सरावाला लवकर सरावतात. हाडे व स्नायुबंध मात्र मागून येतात. मुलाला दम लागत नाही, म्हणून ते अधिक धावते, आणि नडगीच्या हाडाला बारीक चीर पडते. प्रथम धावताना दुखते, मग चालताना, मग स्वस्थ बसले असताही. लपविणाऱ्या मुलाचा हंगाम तेथेच संपतो.

मुलींच्या बाबतीत आणखी सावधगिरी हवी. १९२८ च्या ऑलिंपिकनंतर स्त्रियांची ८०० मीटरची शर्यत बंद करण्यात आली ती १९६० पर्यंत. स्त्रीदेहाला हे झेपत नाही, असे तेव्हाच्या चालकांचे मत होते. १९७२ च्या अमेरिकी कायद्याने सरकारी मदत घेणाऱ्या शाळांत भेदभावाला बंदी केली, आणि मुलींसाठी मैदाने खरी उघडली. चालकांचे जुने मत खोटे ठरले. परंतु हलके शरीर वेगाने धावते या समजुतीने कित्येक मुली पोट मारू लागल्या. श्रमाच्या मानाने अन्न कमी पडले की मासिक पाळी थांबते, हाडे ठिसूळ होतात, मन खचते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ साली या अवस्थेचे विवेचन करताना ती मुलांनाही जडते असे स्पष्ट केले. पाळी थांबणे ही कष्टाची पावती नव्हे; ती धोक्याची सूचना होय, हे प्रत्येक शिक्षकाला व आईला ठाऊक असले पाहिजे.

मनाचे ओझे तर दिसतही नाही. रायनने पुढे १९६६ व १९६७ साली मैलाचे जागतिक विक्रम केले आणि १९६८ मध्ये मेक्सिको येथे ऑलिंपिकचे रौप्यपदक मिळविले. असे असूनही १९६९ च्या राष्ट्रीय स्पर्धेत तो मैलाची शर्यत मध्येच सोडून मार्गाबाहेर पडला आणि दीड वर्षाहून अधिक काळ स्पर्धांपासून दूर राहिला. वय होते बावीस. सतराव्या वर्षापासून प्रत्येक शर्यतीत विक्रमाची अपेक्षा वाहणाऱ्या तरुणाची ही कहाणी कीर्तीच्या हिशेबात मोजली जात नाही, परंतु शिक्षकाच्या हिशेबात ती मोजली गेली पाहिजे.

तेव्हा अशा हंगामाचे यश कशावरून ठरवावे? राज्य स्पर्धेचे ढाल-चषक थोड्याच शाळांना मिळतात. आमच्या मते तीन साधे प्रश्न विचारावेत. मार्चमध्ये आलेल्या मुलांपैकी किती जण मेअखेर धडधाकट धावत आहेत? सर्वांत मागे धावणाऱ्या मुलाची स्वतःची वेळ सुधारली की नाही? आणि सर्वांत पुढे धावणाऱ्याला, गुण बुडत असतानाही, एखाद्या दिवशी विश्रांती दिली गेली की नाही? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे वहीत सापडतात. तिसऱ्याच्या उत्तराला शिक्षकाचे धैर्य लागते, कारण त्या दिवशी गावाचे लोक आणि स्वतः ते मूलदेखील त्याच्यावर रुष्ट होतात.

आपल्या गावी शाळेचे मैदान असेल, संध्याकाळी तेथे चार मुले धावत असतील, आणि कोणी वडीलधारे हातात घड्याळ घेऊन उभे असतील, तर त्यांनी घड्याळ जरूर पाहावे. पण शर्यत आटोपल्यावर मुलगा लंगडत तर नाही ना, दुपारी जेवला होता ना, आणि उद्या पुन्हा यावेसे त्याला वाटते आहे ना, हेही विचारावे. एवढी चौकशी करणारा माणूस मैदानावर असला म्हणजे मुलांनी लांब धावण्याला आमची काहीच हरकत नाही. उलट त्यांनी अवश्य धावावे.